सरकारी कचेरीतून फोन आलाय म्हणे! (गावाकडच्या घरांसाठी धागा)

सड्यावरचा

डिजिटल अरेस्ट, पार्सलात ड्रग्ज, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला साहेब, हे सगळं आता ऐकून ऐकून पाठ झालंय. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं, टीव्हीवर येऊन गेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच फिरतं. तरीही धागा काढतोय, कारण आमच्या राजापूरकडे हल्ली जे फोन येतायत ते त्या साच्यातले नाहीत. धमकी नाही, हिंदी नाही, दमदाटी नाही.

वाडीतल्या एका काकांना आलेला फोन त्यांच्याच तोंडून ऐकला, तो असा. समोरचा माणूस स्वच्छ मराठीत, अगदी निवांत: “काका, कृषी कार्यालयातून बोलतोय. तुमचा फार्मर आयडी पेंडिंग दाखवतोय. गट नंबर अमुक, सामायिकात तुमच्यासकट नऊ नावं, त्यातली दोन मयत. वारस लागलेले नाहीत. बरोबर ना?” सगळं बरोबर. वर, “आयडी नसेल तर किसानचा हप्ता थांबेल बघा. आता एक ओटीपी येईल तेवढा सांगा, मी इथूनच करून देतो.” काकांच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला आणि मुलगा बोटीवर, समुद्रात. ओटीपी कुठे गेला देव जाणे. म्हणून वाचले.

काकांचं म्हणणं, “अरे, त्याला माझ्या चुलत्याचं नाव ठाऊक. म्हणजे हापिसातलाच असणार.”

खरी मेख इथे आहे. चुलत्याचं नाव कळायला हापिसात असावं लागत नाही. सातबारा महाभूलेखवर कुणीही बघू शकतो. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची यादी गाववार उघडी आहे. मतदार यादीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक. तिन्ही शेजारी ठेवून तासभर बसलं तर अख्ख्या वाडीची वंशावळ तयार. मोबाइल नंबर ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आहेतच. तेव्हा फोनवरच्या माणसाला आपल्याबद्दल किती ठाऊक आहे, यावरून तो सरकारी आहे असं ठरवण्यात काही अर्थ उरलेला नाही.

दुसरी अडचण म्हणजे आपल्याकडे खरा सरकारी माणूसही स्वतःच्या खासगी मोबाइलवरूनच फोन करतो. तलाठी, कोतवाल, कृषी सहायक, आशाताई, वायरमन, सगळेच. त्यामुळे “अनोळखी नंबर उचलू नका” हा शहरी सल्ला इथे चालत नाही. नाही उचलला तर पंचनाम्याला येऊन माणूस परत जातो.

मी आईला एकच विचारायला शिकवलंय: हे काम कोणी काढलं? आपण अर्ज केला, आपण सेतूत बसलोय आणि ओटीपी आला, तर ती गोष्ट वेगळी. फोन करणाऱ्यानेच काम काढलं असेल तर “तालुक्याला येईन तेव्हा बघू” म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. तुमच्या घरी काय पद्धत आहे?

पुणेरी_पाटी

ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. विषय संपला. एवढ्या साध्या गोष्टीला धागा कशाला?

सुरंगी

@पुणेरी_पाटी, विषय संपत नाही हो. लाडकी बहीणचं ई-केवायसी आठवतंय का? बाईच्या आधारचा ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. आमच्या गुहागरकडे निम्म्या घरांत नवरा नालासोपारा नाहीतर दिव्याला. आठवडाभर गावात दुसरं काहीच चालू नव्हतं. बायका सेतूसमोर रांगेत उभ्या आणि मुंबईला फोन, “अहो आला का, लवकर सांगा, दहा मिनिटांत जातो तो.” हे सगळं खरं, सरकारी, कायदेशीर काम. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओटीपी पाहिला तो फोनवरून सांगण्यासाठीच पाहिला. त्यांना आता पोस्टर दाखवून “कुणालाही देऊ नका” म्हटलं की त्या हो म्हणतात आणि विसरतात.

आमच्याच वाडीतल्या एका आजींचं ऐका. फोन आला तहसीलमधून म्हणून. “श्रावणबाळचे पैसे बँकेत येऊन अडकलेत, एटीएम कार्डावरचा नंबर सांगा.” आजींनी चष्मा लावून सोळा आकडे वाचले, मागचे तीनही वाचले. ओटीपी मुलाच्या फोनवर जाणार, कारण खात्याला त्याचाच नंबर. तर तो भामटा म्हणाला, “मी लाइनवर थांबतो, तुम्ही दुसऱ्या फोनवरून मुलाला विचारून घ्या.” आजींनी शेजारणीच्या फोनवरून मुलाला लावला. तो विरार लोकलमध्ये, एका हाताने दांडा धरलेला. आई विचारतेय म्हटल्यावर त्याने वाचून दाखवला. का नाही दाखवणार? तिऱ्हाईताला एक आकडा सांगितला नसता त्याने. मेसेजमध्ये रक्कम आणि कुठल्यातरी दुकानाचं नाव धडधडीत लिहिलेलं होतं, पण गर्दीत त्याने फक्त सहा आकडे बघितले.

तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय की मुंबईवाल्याने आधी मेसेजचा मजकूर मोठ्याने वाचायचा, मग आकडे. आणि “तुझ्याजवळ आत्ता कोण बसलंय?” हे विचारायचं. उत्तर “कोणी नाही, फोनवर आहे साहेब” असं आलं की दोन्ही फोन बंद.

पुणेरी_पाटी

बरं, पटलं. मुलाकडून आईमार्फत काढून घेतला हे डोक्यातही आलं नव्हतं.

तांडेल

माका पण इलो फोन. “मत्स्यव्यवसाय खात्यातून बोलतोय, तुमचा डिझेल परतावा मंजूर झालाय, खात्याचा नंबर कन्फर्म करा.” मी म्हटलंय, “खंयच्या सोसायटीचो?” तो गप. अरे मेल्या, परतावो सोसायटीमार्फत येता, सचिवाक इचार. तांडेलाक फोन करून पैसे कोण देता? मगे म्हणता कसो, “सर, आप हिंदी में बोलिए.” म्हटलंय, आता माका हिंदी येणा नाय.

जून-जुलै बंदीत हे फोन जास्त येतत. होडी वर काढलेली, हातात पैसो नाय, मानूस आशेवर आसता. ता तेंका बरोबर ठाऊक. खलाश्यांका सांगान ठेवलंय, खात्याचा काय ता सोसायटीत येऊन इचारा. फोनार नको.

निवृत्त_कॅशियर

पैसे गेलेच तर काय करायचं ते लिहितो, कारण काउंटरवर बसून मी लोकांना दोन-दोन दिवसांनी येताना पाहिलंय. लाज वाटते म्हणून येत नाहीत. सुनेला कळेल, वाडीत हसतील. तोवर पैसा चार खाती पुढे गेलेला असतो.

पहिला फोन 1930 ला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर. पैसा कोणत्या खात्यात गेला ते व्यवहार क्रमांकावरून कळतं आणि त्या बँकेला तिथेच रक्कम रोखायला सांगितलं जातं. भामटे भाड्याच्या खात्यांतून पैसा पुढे ढकलत राहतात आणि शेवटी एटीएममधून काढतात, म्हणून मिनिटांचा हिशोब आहे. व्यवहाराची वेळ, रक्कम आणि मेसेजमधला बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. तक्रारीचा क्रमांक मिळतो तो जपून ठेवा.

दुसरा फोन आपल्या बँकेला, आणि तो केल्याची नोंद मागून घ्या. याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं, ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल. त्याप्रमाणे बँकेची चूक असेल तर, किंवा तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर, ग्राहकावर काही येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्यात अर्थ आहे, कारण अनेकदा पहिला फटका छोटा असतो आणि मोठा नंतर बसतो.

एक विनंती. घरात असं झालं तर त्या माणसाला आधी बोलू नका. आधी 1930, बोलणं मागाहून.

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडं, कारण “अटक वॉरंट निघालंय” हे ऐकून भलेभले गळपटतात.

व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकार कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. चौकशीला हजर राहा अशी पोलिसांची नोटीस तिच्या कलम 35 खाली निघते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे लाल शिक्क्याची, अशोकस्तंभवाली पीडीएफ कितीही भारदस्त दिसली तरी तिच्यामुळे जेवण सोडायची गरज नाही.

कोर्टाचं समन्स मात्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं, तेवढा फरक लक्षात असू द्या. पण खऱ्या खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघता येतो. आणि पैसे “तपासणीसाठी” कुठल्या खात्यात भरून घेणारी तपास यंत्रणा या देशात नाही. सीबीआय नाही, ईडी नाही, कस्टम्स नाही.

विजेचंही लिहून ठेवतो. “आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, या अधिकाऱ्याला फोन करा” हा मेसेज अजून फिरतो. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

लोकसेवक असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे, फोनवरून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ड पण लागतं. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. “तुमची हद्द नाही” म्हणून परत पाठवलं तर झीरो एफआयआर हा शब्द वापरा.

रापण

आमच्या अण्णांना सीबीआयवाल्यांनी धरलं होतं. पण आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या उत्तरेकडच्या खांबाला. “कैमरे के सामने बैठे रहिए, हिलना मत.” अण्णा बसले, रेंज गेली. परत लावला, परत गेली. शेवटी अण्णाच त्यांना म्हणाले, “साहेब, तुम्हीच या ना इकडे, शिरवाळे घातलेत.” त्यानंतर सीबीआयने आमचा नाद सोडला.

चाकरमानी_विरार

😂 अण्णांना नमस्कार सांगा.

एक गंभीर. वर सगळे ओटीपी सांगण्याबद्दल बोलतायत. न सांगताही जातो. आमच्या भावकीच्या ग्रुपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली, शेवटी डॉट एपीके. पाठवणारा आमचाच पुतण्या, म्हणजे त्याचा फोन आधीच गेलेला. गाडी असलेल्या प्रत्येकाला वाटतं, कशेडीला कॅमेऱ्यात सापडलो असणार. दाबलं की अ‍ॅप बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि मग येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर तिकडे. तुम्हाला कोणी काही विचारतच नाही. पीएम किसानच्या आणि बँक केवायसीच्या नावाने अशाच फाइली फिरतात.

दाबलं गेलंच तर आधी फ्लाइट मोड, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला. सिम काढून साध्या फोनात टाका. ते अ‍ॅप बऱ्याचदा लपून बसतं, म्हणून बँक सुरक्षित करून फोन फॅक्टरी रीसेट केलेला बरा. चलान खरं आहे का ते परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.

आणखी एक. “ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, चालू ठेवायचा तर स्टार चारशे एक स्टार दाबून हा नंबर टाका.” त्याने तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. दूरसंचार खात्याने एप्रिल 2024 मध्ये असे कोडने कॉल वळवणं थांबवायला कंपन्यांना सांगितलं, तरी फोन येतात. *#21# दाबलं की कॉल कुठे वळलेत ते दिसतं, ##002# ने रद्द होतात. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था, ती कुणाचा नंबर बंद करत नाही, ते तिचं कामच नाही.

सेतूवाला

मी स्वतः केंद्र चालवतो, गावाचं नाव सांगत नाही. आमच्या धंद्यावर थोडं बोललं पाहिजे, कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो.

लोक आधार माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, “प्रिंट काढून ठेवा, संध्याकाळी नेतो.” माझ्या फोनात अर्ध्या पंचक्रोशीची आधार, पासबुकं, रेशनकार्डं पडलेली असतात. मी रोज रात्री उडवतो. सगळेच उडवतात असं नाही, आणि फोन चोरीला गेला तर? खराब झालेल्या झेरॉक्स तर रद्दीत जातात, मी त्यात भजी बांधलेली बघितलीयत. प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून “डिलीट कर” म्हणा, आम्हाला राग येत नाही. खराब प्रत परत मागा, फाडा.

होमस्टेवाल्यांना आणि मुंबईत भाड्याने खोली घेणाऱ्यांना सांगतो, मास्क्ड आधार वापरा. आधारच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं, शेवटचे चारच आकडे दिसतात. ओळख पटवायला तेवढं पुरतं. झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख.

आणि @सड्यावरचा, तुमचा “काम कोणी काढलं” हा प्रश्न चांगला आहे पण पुरा नाही. माझ्याकडे अर्ज केलेल्या बायकांना चार दिवसांनी फोन आले, “तुमच्या अर्जात त्रुटी आहे.” काम त्यांनीच काढलेलं होतं, म्हणून त्यांना खरं वाटलं. योजना गाजत असली की भामटा शंभर फोन करतो, त्यातल्या नव्वद जणींनी अर्ज केलेलाच असतो. त्याला काही कळलेलं नसतं, त्याने खडा टाकलेला असतो.

सड्यावरचा

@सेतूवाला, हे मान्य. मग प्रश्न थोडा बदलतो: फोन कोणी लावला? त्याने लावला असेल तर ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर आपण लावायचा. त्याने दिलेल्या नंबरावर नाही, आणि गुगलवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअरवर तर मुळीच नाही, ते नंबर भामट्यांनीच टाकलेले असतात. आईसाठी कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलंय: तलाठी, ग्रामसेवक, बँकेची शाखा, वायरमन, 1930.

बँका आणि सरकारी आस्थापनांच्या फोनसाठी 1600 पासून सुरू होणारे नंबर दिले गेलेत, आणि सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हल्ली इंग्रजी जी येतो. पण आपला कृषी सहायक काही 1600 वरून फोन करणार नाही, त्यामुळे याचा उपयोग बँकेपुरता धरा.

मीरारोडकर

थोडं अवांतर. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्या मीरा रोडला कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेहून जास्त पोरं ताब्यात घेतली होती. ती पोरं इथून अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना फोन करून आयआरएसचे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याचं सांगायची. कर थकलाय, पोलीस येतायत, आत्ता भरा. तिथे खातं आधी पोस्टाने पत्र पाठवतं, हे ठाऊक असलेले वाचत होते. पटकथा तीच, फक्त साहेबाचं खातं बदललं.

करवंद

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून दापोलीला पाठवतेय. एक शंका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं का? आईबाबांच्या खरेदीखतावर अंगठे आहेत, दस्तांवरून ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवतात असं वाचलं. पण आईच्या आधारला कुठला मोबाइल जोडलाय हेच कुणाला आठवत नाही.

सेतूवाला

@करवंद, करावं. अंगठ्यावर पैसे काढायची सोय आहे ना, एईपीएस, त्यात ओटीपी लागतच नाही, म्हणून ते लॉक कामाचं. यूआयडीएआयच्या साइटवर ‘व्हेरिफाय मोबाइल’मध्ये आईचा आधार आणि घरातला एकेक नंबर टाकून बघा, जुळला की सांगतं. नाहीच जुळला तर आधार केंद्रात आईला घेऊन जा, तिथे बोट लावून मोबाइल बदलून मिळतो. “घरबसल्या करून देतो” म्हणणारा फोन आला तर काय समजायचं ते वर आलंच आहे.

तिच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर बघून घ्या. आमच्याकडे एका आजोबांच्या नावावर त्यांना ठाऊक नसलेली तीन निघाली.

करवंद

आणि लॉक असताना रेशन?

सेतूवाला

रेशनच्या मशीनवर अंगठा घेणार नाही, लॉक आहे म्हणून सांगेल आणि दुकानदार तुमच्यावर खेकसेल. दुकानात पोचल्यावर आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून तात्पुरतं उघडायचं, दहा मिनिटांत आपोआप परत लागतं. रांगेत तिसरा नंबर असताना उघडू नका. मशीनसमोर उभं राहिल्यावर उघडा. आणि दुकानात रेंज आहे ना ते आधी बघून ठेवा.

रापण

रेंज नसेल तर आमच्या खांबापाशी या.